गुलाबी बोंडअळीचे नाव-गाव

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगाव हे सेनगाव तालुक्यातले गाव. मुंबईचे गोरेगाव वेगळे. काळ्या जमिनीचा हा मुलूख; सोयाबीन, तूर, हळद आणि कापूस ही इथली ओळखीची पिके. या भागातल्या कोणत्याही शाळेत आठवीच्या वर्गाला विचारा, ‘बोंडअळी म्हणजे काय?’ बहुतेक मुले हात वर करतील. ‘ती दिसते कशी?’ असे विचारले तर ‘गुलाबी’ असे उत्तर येईल. पण ‘त्या अळीचा पुढे जो पतंग होतो, तो कोणी पाहिला आहे का?’ असे विचारल्यावर किती हात वर राहतील, याचा अंदाज शिक्षकांनीच करावा.

यात मुलांचा दोष नाही. हा पतंग लहान, रंगाने मातकट, आणि रात्री हिंडणारा. दिवसा तो जमिनीच्या भेगांत, पालापाचोळ्यात दडून बसतो. शेतकऱ्याला दिसते ती अळी, आणि तीही बोंड फोडल्यावरच. २०१७ च्या खरिपात याच अळीने महाराष्ट्रातील कापसाचे एवढे नुकसान केले, की डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात शासनाला मदत जाहीर करावी लागली. अशा या पतंगाचे नाव शास्त्रात नीट बसायला सुमारे पाऊणशे वर्षे लागली. त्या नावाचा इतिहास आम्ही इथे सांगणार आहोत.

‘नावाच्या इतिहासात एवढे काय?’ असे वाटणे साहजिक आहे. वर्गीकरण म्हणजे परीक्षेपुरते पाठ करायचे प्रकरण, अशी आपली समजूत असते. पण या पतंगाच्या बाबतीत नाव आणि कुल नेमके ठाऊक असणे हा शेतकऱ्याच्या घरखर्चाचा प्रश्न आहे. तो कसा, हे शेवटी स्पष्ट होईल. आधी पतंगाकडे पाहू.

पतंग दिसतो कसा?

पंख मिटून बसलेला हा पतंग एक सेंटिमीटरही भरत नाही. पंख पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतर १५ ते २० मिलिमीटर. पुढचे पंख अरुंद, करड्या-तपकिरी रंगाचे. त्यांवर काळपट ठिपके आणि पुसट, वेडेवाकडे पट्टे. मागचे पंख रुपेरी करडे, कडेला लांब केसांची झालर. भिंगाखाली धरले तर तीन गोष्टी ध्यानात येतात. मागच्या पंखाचे टोक बोटासारखे पुढे आलेले असते आणि त्याखाली पंखाची कड आत वळलेली असते. तोंडाजवळून दोन अवयव निघून विळ्यासारखे वर वळलेले असतात. आणि शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, जिथून सुरू होतात तिथे बुंध्याशी लांब, ताठ केसांची एक ओळ असते, लहानशा कंगव्यासारखी. हा कंगवा लक्षात ठेवावा. त्याचे काम पुढे आहे.

मादी पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर एकेकटी किंवा थोड्या संख्येने अंडी घालते. अंडे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे. चार-पाच दिवसांत अळी बाहेर येते, तेव्हा ती पांढुरकी असते, डोके मात्र काळसर. गुलाबी रंग पुढे चढतो. अळी फुलात शिरली तर आतून रेशमाने पाकळ्या बांधून टाकते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते. शेतकरी तिला डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली तर शिरलेले छिद्र लवकरच बुजून जाते आणि बोंड वरून धडधाकट दिसते. आत अळी सरकी खाते, रुई डागाळते. पुढे असे बोंड नीट फुटत नाही, कवडी कापूस होतो. पूर्ण वाढलेली अळी ११ ते १३ मिलिमीटरची असते. बहुतेक अळ्या बाहेर पडून जमिनीवर किंवा पाचोळ्यात कोष करतात. पण हंगामाच्या अखेरीस काही अळ्या निराळेच करतात. दोन पोखरलेल्या सरक्या रेशमाने एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत झोपी जातात. ही सुप्तावस्था महिनोन्‌महिने, कधी दोन वर्षांहूनही अधिक टिकू शकते. सरकी जिथे जाईल तिथे ही निजलेली अळी जाते. तिचा जगभरचा प्रवास असाच झाला.

भडोचहून लंडनला

गोष्ट १८४० च्या सुमाराची. लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता आणि तो बराचसा अमेरिकेतून येत होता. एकाच देशावर अवलंबून राहणे बरे नव्हे, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानात अमेरिकी कापूस लावून पाहण्याचा घाट घातला. १८४० मध्ये त्यासाठी अमेरिकेतून अनुभवी मळेवालेही आणले. अशाच प्रयोगातला कापूस भडोच येथे, नर्मदेच्या मुखाजवळच्या काळ्या जमिनीत लावला गेला. त्याच्या बोंडांत एक अळी मिळाली. तिच्यापासून झालेले पतंग लंडनला पाठवण्यात आले.

तिथे ते विल्यम विल्सन सॉण्डर्स यांच्या हाती आले. सॉण्डर्स (१८०९–१८७९) पोटासाठी विम्याचा व्यवसाय करीत आणि छंद म्हणून कीटक व वनस्पती अभ्यासत. ‘हिंदुस्थानातील कापसाच्या पिकाचा नाश करणाऱ्या पतंगाच्या एका जातीचे वर्णन’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली त्यांनी एक टिपण लिहिले. लंडनच्या कीटकशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात ते जेमतेम दोन पानांत छापले गेले. त्याचे वर्ष काही ग्रंथ १८४३ देतात, काही १८४४. त्यात सॉण्डर्स यांनी पतंगाला नाव दिले ‘डिप्रेसारिया गॉसिपिएला’.

या नावाचे दोन्ही भाग उकलून पाहण्यासारखे आहेत. शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. ‘गॉसिपियम’ हे कपाशीच्या प्रजातीचे नाव. त्यावरून ‘गॉसिपिएला’, म्हणजे कपाशीवरची. शेवटचे ‘एला’ कुठून आले? लिनियसने १७५८ मध्ये पतंगांची नावे ठेवताना एक सोय केली होती. गटागटाला त्याने ठरावीक शेपूट दिले, आणि अगदी लहान पतंगांच्या वाट्याला ‘एला’ आले. कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग ‘झायलोस्टेला’, साठवणीच्या धान्यातला ‘सिरिएलेला’, बटाट्यातला ‘ऑपरक्युलेला’: हे सारे त्याच चालीचे. नुसते नाव ऐकून जाणकाराला कळते, की हा लहान पतंग असणार.

पहिला शब्द मात्र अडचणीचा ठरला. ‘डिप्रेसारिया’ म्हणजे चपट्या अंगाच्या पतंगांची प्रजाती. त्या काळी लहान पतंगांच्या प्रजाती थोड्या होत्या आणि प्रत्येकीत नाना प्रकारचे पतंग कोंबलेले होते. सॉण्डर्स यांच्यासमोर दुसरे जवळचे घर नव्हते. त्यांनी पाहुण्याला जागा मिळेल तिथे बसवले.

दाखला बदलत गेला

शिक्षकांना हे लवकर समजेल असे एक उदाहरण देतो. एखादा विद्यार्थी एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जातो तेव्हा त्याचे नाव तेच राहते; शाळा बदलते, आणि तशी नोंद दाखल्यावर होते. जातीचे नाव हे विद्यार्थ्याचे नाव समजा, आणि प्रजाती ही शाळा. ‘गॉसिपिएला’ हे नाव १८४३ पासून आजतागायत चालत आले. शाळा मात्र बदलत गेली.

आधी तो ‘डिप्रेसारिया’तून ‘गेलेकिया’ या प्रजातीत गेला. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जमिनीवर निजणारा’ असा होतो, आणि दिवसा मातीत दडणाऱ्या या पतंगाला तो शोभूनही दिसतो. भारतातील शेतीच्या कीटकशास्त्राचा पाया घालणारे हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९०६ मध्ये भारतातील उपद्रवी कीटकांवर पुस्तक लिहिले, तेव्हा हा पतंग गेलेकिया म्हणूनच ओळखला जात होता.

याच काळात लहान पतंगांच्या जगात एका शाळामास्तरांचा दबदबा होता. एडवर्ड मेरिक (१८५४–१९३८) हे इंग्लंडमध्ये मार्लबरो येथील शाळेत ग्रीक आणि लॅटिन शिकवीत. शाळा सांभाळून या गृहस्थांनी जगभरच्या लहान पतंगांच्या सुमारे १४ हजार जातींना नावे दिली. बिहारमधील पुसा येथील शेती संशोधन संस्थेतून टी. बेनब्रिग फ्लेचर त्यांना भारतातले नमुने पाठवीत असत. १९१७ मध्ये मेरिक यांनी पेरू देशातल्या एका क्षुल्लक पतंगाला ‘अ‍ॅब्सोल्युटा’ असे नाव दिले होते. तोच पतंग जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१४ मध्ये, महाराष्ट्रात टोमॅटोवर अवतरला. टोमॅटो उत्पादक ज्याला ‘टुटा’ म्हणतात तो हाच, आपल्या बोंडअळीचा चुलतभाऊ. कोणते नाव केव्हा उपयोगी पडेल, हे नाव ठेवणाऱ्यालाही ठाऊक नसते.

मेरिक यांनी १८९५ मध्ये ‘प्लॅटीएड्रा’ नावाची एक प्रजाती स्थापली होती. तिच्यातला युरोपातला एक पतंग मॅलो या झुडपावर जगतो. मॅलो, कपाशी, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद या सगळ्या एकाच कुलातल्या वनस्पती. पतंगही दिसायला सारखे. त्यामुळे आपल्या पतंगाला काही अभ्यासकांनी ‘प्लॅटीएड्रा’त घातले.

म्हणजे एकच प्राणी, आणि वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळी नावे. नुसत्या वादापुरते हे असते तर गोष्ट वेगळी. पण तोवर प्राणी प्रवासाला निघाला होता.

कंगव्याने दिलेला निकाल

१९०६-०७ च्या सुमारास भारतातून इजिप्तमध्ये गेलेल्या, नीट न पिंजलेल्या कापसातून ही अळी तिथे पोचली असे मानले जाते. १९११ मध्ये तिथे तिची नोंद झाली. त्याच वर्षी इजिप्तची सरकी मेक्सिकोत गेली आणि तिच्यातून अळी अमेरिका खंडात उतरली. १९१७ मध्ये ती टेक्सासमध्ये सापडली. कापसावर ज्यांचा संसार, ते सारे देश धास्तावले.

आता प्रश्न आला ओळखीचा. बंदरात आलेल्या सरकीत गुलाबी अळी दिसली, तर ती हीच का? कारण गुलाबी तितकी प्रत्येक अळी बोंडअळी नसते. ज्वारीच्या ताटातली खोडअळीही गुलाबी असते. कापसात तर आणखी घोटाळा होता. वाळलेल्या, कुजक्या बोंडांत राहून उरलेसुरले खाणाऱ्या काही निराळ्या लहान पतंगांच्या अळ्याही गुलाबी असतात. त्या निरुपद्रवी, रोग गेल्यावर घरात शिरणाऱ्या. त्यांना दोषी धरून जहाजभर सरकी जाळणे हा एक धोका, आणि खऱ्या अळीला निरुपद्रवी समजून सोडून देणे हा दुसरा. जे. एच. ड्युरंट यांनी १९१२ मध्ये कापसाच्या बोंडांतून निघालेल्या अशा लहान पतंगांवर टिपण लिहिले.

शेवटचा निकाल दिला ऑगस्ट बुस्क यांनी. जन्माने डॅनिश असलेले बुस्क (१८७०–१९४४) अमेरिकेच्या शेतीखात्यात कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांनी हवाई बेटांवर या अळीचा जीवनक्रम अभ्यासला आणि १९१७ मध्ये आपला विस्तृत लेख प्रसिद्ध केला. पंखांतील शिरा आणि इतर अवयव तपासून त्यांनी ठरवले, की हा पतंग ना गेलेकियात बसतो ना प्लॅटीएड्रात. त्यासाठी त्यांनी नवी प्रजाती केली. शृंगिकेच्या बुंध्याशी असलेल्या त्या केसांच्या ओळीवरून तिचे नाव ठेवले ‘पेक्टिनोफोरा’, म्हणजे ‘कंगवा वाहणारा’. तेव्हापासून हा पतंग झाला पेक्टिनोफोरा गॉसिपिएला (सॉण्डर्स).

शेवटी कंसात सॉण्डर्स यांचे नाव का? हा नामकरणाचा नियम आहे. ज्याने जातीला नाव दिले त्याचे नाव पुढे लिहायचे. आणि नंतर प्रजाती बदलली असेल तर ते कंसात घालायचे. तो कंस म्हणजे दाखल्यावरचा शेरा: ‘विद्यार्थी दुसऱ्या शाळेतून आला आहे.’ पाठ्यपुस्तकात असा कंस दिसला, की त्यामागे एखादी कथा आहे असे खुशाल समजावे.

नवे नाव सगळीकडे लगेच रुळले असे मात्र नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतातल्या पुस्तकांतही ‘प्लॅटीएड्रा गॉसिपिएला’ सापडते. जुने संदर्भ शोधणाऱ्याने चारही नावांनी शोध घेतला नाही, तर त्याच्या हाती अर्धीच माहिती लागते.

मूळ गाव कोणते?

नाव ठरले. गावाचे काय? पहिले वर्णन भडोचच्या नमुन्यांवरून झाले, आणि कापसाची लागवड भारतीय उपखंडात हजारो वर्षांची. म्हणून हा पतंग मूळचा इथलाच असे पुष्कळ दिवस मानले गेले. पण पहिली नोंद जिथली तिथलाच जन्म, असे म्हणता येत नाही. पोलीस ठाण्यात नोंद जिथे होते तिथेच चोराचे घर असते असे थोडेच आहे?

१९२६ मध्ये एफ. जी. होल्डवे यांनी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमधून अशाच गुलाबी अळीची दुसरी जात वेगळी काढली. तिचे नाव ‘स्क्युटिजेरा’, म्हणजे ढाल वाहणारी. पंख इतके सारखे, की पुढे पतंगाच्या जननेंद्रियांची सूक्ष्म रचना तपासून हा वेगळेपणा पक्का करावा लागला. १९५८ मध्ये आय. एफ. बी. कॉमन यांनी ऑस्ट्रेलियातील या साऱ्या गटाची फेरतपासणी केली आणि ‘एन्डेमा’ या तिसऱ्या जातीचे वर्णन दिले. तिन्ही जातींपैकी दोन ऑस्ट्रेलियाकडच्या. जिथे भावंडे राहतात तिथेच मूळ घर असण्याचा संभव अधिक, असा विचार करून त्यांनी आपल्या पतंगाचे मूळ गाव हिंदी महासागराच्या पूर्वेला, वायव्य ऑस्ट्रेलिया ते इंडोनेशिया-मलेशियाच्या टापूत असावे असे सुचवले. भारतीय उगमाचा पक्षही अजून सोडला गेलेला नाही. पण मुद्दा असा, की वर्गीकरण केल्याशिवाय हा प्रश्न नीट विचारताही आला नसता. भावंडे कोण हे ठरल्यावरच घर शोधता येते.

एक शब्द, तीन कुले

आता पुन्हा मराठवाड्याकडे येऊ. ‘बोंडअळी’ हा आपला शब्द सोयीचा आहे. पण तो तीन निराळ्या पतंगांवर पांघरूण घालतो. पहिली हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी, ‘हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा’. जुन्या पुस्तकांत ती ‘हेलिओथिस’ म्हणून आढळेल. तिचीही शाळा बदललेली आहे. दुसरी ठिपक्यांची बोंडअळी, ‘एरियास’. तिसरी गुलाबी. आजच्या वर्गीकरणात या तिघी तीन वेगळ्या कुलांत मोडतात. पहिली नॉक्टुइडी, दुसरी नोलिडी, तिसरी गेलेकिइडी. गुलाबी अळीच्या या कुलात ४,५०० हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांच्या अळ्या बीजात, कंदात, खोडात किंवा पानाच्या आत लपून जगतात. धान्यातला आणि बटाट्यातला पतंग याच घरातले.

तिघींच्या सवयी किती वेगळ्या आहेत ते पाहा. हिरवी अळी एका बोंडावरून दुसऱ्यावर फिरत राहते, निम्मे अंग बाहेर ठेवून खाते. ती तुरीवर, हरभऱ्यावर, टोमॅटोवरही जगते. ठिपक्यांची अळी शेंडे पोखरते आणि भेंडीतही सापडते. गुलाबी अळी एकदा बोंडात शिरली की वाढ पुरी होईपर्यंत सहसा बाहेर येत नाही, आणि आपल्याकडे तिचे पोट जवळजवळ सर्वस्वी कपाशीवर चालते.

मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. एका जिवाणूचे जनुक घातलेला हा कापूस स्वतःच एक विषारी प्रथिन बनवतो. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. काही वर्षांत देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी झाला. बियाण्याच्या पाकिटावर, जाहिरातीत, बोलण्यात शब्द एकच होता: ‘बोंडअळी’. आणि सुरुवातीला तिन्ही अळ्या खरोखर आटोक्यात आल्या.

पण कोणत्याही विषासमोर लाखांत एखादी अळी जन्मतःच टिकाव धरणारी असते. तशीच एखादी जोडीला मिळाली तर त्यांची प्रजाही टिकते. विषाला बळी पडणारे पतंग आसपास भरपूर असले, तर मात्र बहुतेक जोड्या मिश्र जमतात आणि टिकण्याचा गुण पातळ होत जातो. म्हणून बीटी कपाशीच्या कडेने साधी कपाशी लावायची असते. तिला आश्रय पीक म्हणतात. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी मिळत असे ती याचसाठी. अनेक शेतांत ती पुडी पेरलीच गेली नाही.

हिरव्या अळीचे त्यामुळे फारसे बिघडले नाही. तिला तूर आणि हरभरा हे आयतेच आश्रय पीक होते. गुलाबी अळीला दुसरे घरच नव्हते. जन्मलेली प्रत्येक पिढी बीटी कपाशीवरच वाढली, आणि टिकणाऱ्यांचीच निवड होत गेली. त्यात लांब मुदतीचे संकरित वाण आणि फरदड यांमुळे अळीला फेब्रुवारी-मार्चपर्यंत खाद्य मिळत राहिले. मार्च २०१० मध्ये मोन्सॅन्टो कंपनीनेच जाहीर केले, की गुजरातेतील अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नाही. म्हणजे दोन कुलपांपैकी एक उघडले होते. पुढच्या काही वर्षांत दुसरेही उघडले, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्राला त्याची झळ बसली. ज्या प्राण्याचे वर्णन गुजरातेतल्या भडोचच्या नमुन्यांवरून झाले होते, त्याने नवी विद्याही गुजरातेतच दाखवून दिली.

उलट उदाहरण अमेरिकेचे. ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी बरीच वर्षे आश्रय पीक काटेकोरपणे लावले. तिथे बीटी कापसाच्या जोडीला वांझ केलेले पतंग सोडणे आणि मादीच्या गंधाने नरांना चकवणे हे उपाय केले गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूसपट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. टेक्सासमध्ये ती सापडल्याला तेव्हा १०१ वर्षे झाली होती.

गुलाबी अळी कपाशीखेरीज फारसे काही खात नाही, ही माहिती नवी नव्हती. ती या नावाखाली शंभर वर्षे नोंदलेली होती. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव काढले की त्या मुलाची सारी माहिती समोर येते, तसेच शास्त्रीय नावाचे आहे. ‘बोंडअळी’ म्हटले की तीन मुलांची पाने एकत्र होतात आणि एकीचे औषध दुसरीला दिले जाते.

मात्र नावाची मर्यादाही मुलांना सांगितली पाहिजे. भडोचचा पतंग आणि आजचा पतंग यांचे नाव एकच. कंगवा तोच, पंख तेच. तरी आजच्या अळीच्या आतड्यातील प्रथिनांच्या जनुकांत असे बदल झाले आहेत, की विष तिथे पकड घेत नाही. जात म्हणजे ठशातून काढलेल्या एकसारख्या मूर्ती नव्हेत. जात म्हणजे थोडेथोडे वेगळे असणाऱ्या जिवांचा समूह, आणि तो बदलत असतो.

वर्गात काय करता येईल?

कापूस पिकणाऱ्या गावातल्या शाळेला यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुलांना शेतातून वाटेल तशी वीस हिरवी बोंडे तोडून आणायला सांगावे आणि शिक्षकांनी ती स्वतः फोडून दाखवावीत. वीसपैकी दोन बोंडांत अळी किंवा तिची खूण आढळली, तर उपाय करण्याची वेळ आली, असा संकेत आहे. अळी गुलाबी नसली तरी तिला टाकून देऊ नये. लहानपणी ती पांढरीच असते.

१९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी या पतंगाच्या मादीचा गंध नेमका ओळखला. तो दोन जवळच्या रसायनांचे जवळपास निम्मे-निम्मे मिश्रण आहे. त्याला ‘गॉसिप्ल्युर’ म्हणतात. कामगंध सापळ्यात हीच गोळी असते आणि तिला नर भुलतात. हिरव्या अळीच्या पतंगासाठी गोळी वेगळी लागते. दुकानातून आणताना नाव पाहिले नाही तर सापळा रिकामा राहतो आणि शेतकरी उगाच निर्धास्त होतो. एका सापळ्यात एका रात्री आठ पतंग, असे सलग तीन रात्री मिळाले तर सावध व्हावे, असे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शिफारशींत सांगितलेले असते.

सापळ्यातला एखादा मेलेला पतंग पांढऱ्या कागदावर घेऊन मुलांना भिंगातून दाखवावा. मागच्या पंखाचे बोटासारखे टोक शोधायला सांगावे. चांगले भिंग असेल तर शृंगिकेच्या बुंध्याचा कंगवाही पाहता येईल. मग फळ्यावर पूर्ण नाव लिहावे, कंसासकट, आणि मुलांना विचारावे, की हा कंस इथे का आहे.

हंगाम संपल्यावर आणखी एक काम राहते. उन्हाळ्यात घरी पडलेल्या सरकीतून मूठभर घेऊन, एकमेकींना चिकटलेल्या जोडसरक्या मुलांना निवडायला सांगाव्यात. त्या नखाने अलगद उघडाव्यात. आत गुलाबी अळी निजलेली मिळाली, तर पुढच्या हंगामातला पतंग कुठून येणार आहे, याचे उत्तर मुलांना पुस्तक न उघडता मिळेल.